चाकावरची काजळी

इचलकरंजीच्या पेठेत चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेल्या आप्पांनी उतारवयात मोटारीच्या चाकांचा नाद धरावा, हे घरात प्रथम कोणालाच रुचले नव्हते. दुकान त्यांनी पुतण्याच्या हाती सोपवले, त्याला आता सहा वर्षे झाली. सकाळी वाचन, दुपारी थोडी वामकुक्षी, सूर्यास्तापूर्वी जेवण आणि त्यानंतर ओसरीवरचा झोपाळा, असा त्यांचा दिनक्रम ठरून गेला होता. त्यात मोटारीला कोठेही जागा नव्हती.

एके काळी ती होती. जुनी गाडी आप्पा स्वतः चालवीत; सांगलीला, कोल्हापूरला, कधी लग्नकार्याला थेट बेळगावपर्यंत जात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एका संध्याकाळी गाडी आत घेताना फाटकाचा खांब घासला. कोणाला इजा झाली नाही, कोणी काही बोललेही नाही. पुढे वर्षभरात नवी गाडी आली. परंतु तिची किल्ली जुन्या गाडीच्या किल्लीप्रमाणे दाराजवळच्या खुंटीवर कधी लागली नाही. ती मुलाच्या खिशात राहू लागली. आप्पांनी विचारले नाही आणि मुलाने सांगितले नाही. घराघरांतून असे कितीतरी निर्णय एक शब्दही न बोलता होत असतात.

मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत अधिकारी आहे. जाऊनयेऊन पन्नास किलोमीटरांच्या आसपास प्रवास रोजचा. नव्या गाडीला चांदीसारखी चमकणारी अलॉयची चाके होती आणि घरातल्या सर्वांना त्यांचे मोठे कौतुक होते. ते कौतुक महिनाभर टिकले. गाडी रविवारी धुतली जाई, आणि बुधवार उजाडेपर्यंत पुढची दोन्ही चाके चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी काळवंडत.

आप्पांना खटकले ते हे, की गाडीच्या अंगावर धूळ बसे ती तांबूस, मागची चाकेही तशीच तांबूस. केवळ पुढची दोन काळी. एकाच रस्त्यावरून चार चाके धावतात, मग दोघांनाच काजळी का? ज्या माणसाने आयुष्यभर ताग्याच्या एका टोकाच्या व दुसऱ्या टोकाच्या रंगातला फरक उन्हात धरून पाहिला, त्याला असा फरक स्वस्थ बसू देत नाही.

उत्तर मुलाकडे होते, कारण ते त्याच्या धंद्यातले होते. पुढच्या चाकांच्या आत एक तबकडी फिरत असते. तिला डिस्क म्हणतात आणि ती बिडाची असते. कोल्हापूर परिसरातल्या फौंड्र्यांमधून असे बिडाचे ओतकाम वर्षानुवर्षे चालत आले आहे. ब्रेक दाबला की डिस्कच्या दोन्ही अंगांना दोन पॅड चिमट्यासारखे आवळले जातात आणि गाडीच्या वेगाची उष्णता होते. प्रत्येक वेळी पॅडचे थोडे आणि डिस्कचे थोडे झिजते. पॅड म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे. राळेत घट्ट बसवलेले पोलादाचे तंतू, ग्रॅफाइट, बराइट असे अनेक जिन्नस त्यात असतात. हे सारे मिळून जी भुकटी उडते, तीच ही काजळी. गाडी थांबू लागली की तिचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचे काम अधिक करून पुढचे ब्रेक करतात. या गाडीला मागे डिस्क नसून ड्रम आहेत. त्यांची भुकटी डब्यात झाकल्यासारखी आतच राहते. मागची चाके स्वच्छ दिसतात ती या कारणाने. तीही झिजतातच, फक्त दिसत नाही.

आठवीतल्या नातीने हे सारे ऐकले आणि तिने शाळेच्या पेटीतला लोहचुंबक आणला. तो कागदात गुंडाळून चाकाच्या आऱ्यावरून फिरवला, तर कागदावर काळी लव उभी राहिली. रस्त्यावरची तांबूस माती मात्र तशीच खाली पडली. त्या दिवशी आप्पा पुष्कळ वेळ तो कागद न्याहाळीत होते. चाकावर बसते ते लोखंड आहे, ही गोष्ट त्यांना सांगून पटली नसती, पाहून पटली.

लोखंड म्हटले की पुढचे आपोआप आले. तापलेला बारीक कण चाकाच्या पारदर्शक लेपाला चिकटतो. दवाचा, पावसाचा ओलावा मिळाला की तो गंजतो आणि लेपात रुतून बसतो. अशा चाकावर नारिंगी ठिपके दिसू लागतात आणि मग साबणाचे पाणी कितीही ओतले तरी ते हलत नाहीत. म्हणजे आठवड्यातून एकदा धुण्यापेक्षा मधल्या दिवसांत काजळी बसू न देणे महत्त्वाचे. इचलकरंजीत तर नळाचे पाणी रोज येत नाही. ज्या गावात हंडे भरून ठेवावे लागतात तेथे चाकांसाठी पाइप सोडणे आप्पांना कधीच मान्य झाले नसते. पुसणे हाच मार्ग उरला. आणि पुसणे म्हणजे कापड. तेथे आप्पांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती, असे त्यांना वाटले.

पहिली चूक त्यांच्याच हातून झाली. जुन्या धोतराचा मऊ, असंख्य धुण्यांनी मुरलेला तुकडा घेऊन त्यांनी कोरडेच चाक पुसले. चाक स्वच्छ झाले. परंतु दुपारच्या उन्हात पाहिले तर लेपावर केसासारख्या बारीक रेघा उमटलेल्या. सपाट विणीच्या सुती कापडात कणाला शिरायला जागा नसते. तो कापडाच्या पृष्ठावरच राहतो आणि कापडाबरोबर फिरत जातो. पुसणारा हात मग नकळत कानस चालवीत असतो. आयुष्यभर ज्या सुताची शपथ घेतली त्याने दगा दिला, ही गोष्ट आप्पांना लागली.

सूनबाईंनी बाजारातून मायक्रोफायबरचे फडके आणून दिले. आप्पांनी ते प्रथम दोन बोटांत चुरडून पाहिले आणि तोंड वाकडे केले. मग दुकानातले धागे मोजण्याचे भिंग काढून खिडकीशी बसले. पॉलिएस्टर आणि नायलॉन यांचा धागा चिरून केलेले ते अतिसूक्ष्म तंतू, आणि त्यांची ती उभी लव. कण त्या लवेत खोल जातो, पृष्ठावर राहत नाही. शेवटी त्यांनी निवाडा दिला, ‘‘अंगावर घालायचं कापड हे नव्हे. पण पुसायला याच्यासारखं दुसरं नाही.’’ खऱ्या व्यापाऱ्याचे हेच लक्षण; न आवडणाऱ्या मालाचाही गुण तो लपवीत नाही.

शेजारच्या बंगल्यातला प्रकार त्याच सुमारास घडला. तेथे गाडी धुणाऱ्या मुलाने चाकांचा काळेपणा एका झटक्यात घालवण्यासाठी संडास साफ करण्याचे ॲसिड वापरले. काळेपणा गेला खरा, पण दोन दिवसांत चाकांवर पांढरे डाग फुटले आणि लेप पापुद्र्यासारखा उठला. अलॉयचे चाक म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियम, आणि ॲल्युमिनियमला तीव्र आम्ल सोसत नाही, तसाच कॉस्टिकसारखा तीव्र क्षारही सोसत नाही. मुलाला मालकांनी पुष्कळ बोलून घेतले. आप्पांचे मत निराळे होते: ज्याने बाटली हातात दिली त्याने ती आधी वाचायला हवी होती.

हळूहळू आप्पांची एक पद्धत ठरली. एक दिवसाआड, सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून चाके पूर्ण निवालेली असताना ते ओसरीवरून खाली उतरत. अर्धा लिटरच्या फवाऱ्याच्या बाटलीत साधे पाणी आणि मोटारीसाठी मिळणाऱ्या सौम्य शाम्पूचे दोनचार थेंब. फवारा चाकावर नव्हे, फडक्यावर. फडके ओलसर असले की भुकटी हवेत उडत नाही. ती नाकात जाऊ देऊ नये, कोरडी झटकू नये आणि हवेच्या पाइपने उडवण्याचा तर विचारही करू नये. पूर्वीच्या काळी ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, तेव्हापासून जुने मिस्त्री ही सावधगिरी सांगत आले आहेत.

फडक्याची घडी हा आप्पांचा खास भाग. चौपदरी घडी घातली की पुसायला आठ अंगे मिळतात. एक आरा हलक्या हाताने, न दाबता, एकाच दिशेने पुसायचा. अंग काळे झाले की घडी उलटायची. काळ्या अंगाने दुसरा आरा पुसायचा नाही. बोल्टांच्या खाचांसाठी दातांचा जुना ब्रश. चाकाचे फडके चाकालाच; त्याने दार किंवा बॉनेट चुकूनही पुसायचे नाही, कारण लवेत लोखंड आहे. दोन चाकांना आठदहा मिनिटे लागत. पाणी अर्ध्या तांब्याहून कमी.

तीन महिन्यांतून एकदा मात्र साग्रसंगीत. रुतलेले लोखंड काढणारे एक द्रावण मिळते. ते चाकावर मारले की लोखंडाशी संयोग होऊन जांभळे ओघळ वाहू लागतात, आणि वास असा येतो की नातीने पहिल्याच वेळी नाक धरून आत पळ काढला. ते धुऊन चाक वाळले की वर मेणाचा पातळ हात. मेण लावलेल्या चाकाला काजळी बसते, पण धरत नाही. ओलसर फडक्याच्या एका हाताने निघते. मेणाचा डबा प्रथम आणला तेव्हा आप्पांनी आधी विचारले, ‘‘हे मेण मधमाशीचं आहे का?’’ ज्या घरात मध वर्ज्य, तेथे हा प्रश्न येणारच. नातीने डब्यावरचे बारीक अक्षर वाचले आणि त्यात मधमाशीचे मेण असल्याचे निघाले. डबा परत गेला. दुसरा आणला तो कार्नौबाचा. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर हे मेण तयार होते आणि ते साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, म्हणून तापणाऱ्या चाकालाही बऱ्यापैकी उपयोगी पडते.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे, कारण हौसेच्या भरात ती विसरली जाते. मेण, तेल, टायर चमकवण्याचे द्रावण यांतले काहीही डिस्कवर किंवा पॅडवर जाता कामा नये. आऱ्यांच्या मागे जी करडी तबकडी दिसते ती जशी आहे तशीच असू द्यावी. तिच्यावर तेलकटपणा आला तर चाक चकाकेल, पण गाडी थांबणार नाही. धुतल्यावर तिच्यावर तांबूस गंज दिसतो तोही पुसू नये. पहिल्या दोनचार ब्रेकांत तो आपोआप जातो. आणि घाटातून किंवा लांबून आलेल्या गाडीच्या तप्त चाकांवर थंड पाणी ओतू नये, डिस्क वाकण्याची भीती असते.

पुसून झाल्यावर फडके बादलीत धुतले जाई. ते पाणी बरेच दिवस गटारात जात होते. मग एका संध्याकाळी नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी वाचलेले काही सांगितले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१० मध्ये ब्रेक पॅडमधल्या तांब्यावर कायद्याने बंधन आणले. २०२१ पासून वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक तांबे चालेना आणि २०२५ पासून तर ०.५ टक्क्यांहून अधिक नाही. कारण असे, की ती भुकटी पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत जाते आणि पाण्यात विरघळलेल्या तांब्याने साल्मन माशांची वास घेण्याची शक्ती मंदावते. शत्रू जवळ आल्याची चाहूल त्यांना लागत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या यूरो ७ नियमांत तर ब्रेकमधून उडणाऱ्या कणांनाच मर्यादा घातली आहे: सामान्य मोटारीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, आणि केवळ बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीला ३, कारण ती वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरकडूनच करून घेते.

सात मिलिग्रॅम म्हणजे किती, हे आप्पांनी विचारले नाही. ते माशांपाशीच थांबले होते. आपल्या गटाराचे पाणी शेवटी पंचगंगेलाच मिळते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. दुसऱ्या दिवसापासून फडक्याची बादली रात्रभर कोपऱ्यात झाकून राहू लागली. सकाळी तळाशी काळा गाळ बसलेला असे; वरचे पाणी हलकेच निवळून घेऊन तो गाळ जुन्या वर्तमानपत्रावर वाळवायचा आणि पुडी बांधून सुक्या कचऱ्यात द्यायची. सूनबाईंना हा अतिरेक वाटे. त्याने नदीचे किती भले झाले असेल, याचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही. आप्पांनीही तो मांडला नाही. त्यांना त्या पाण्याकडे पाठ करून आत जाता येईना, इतकेच.

एक दिवसाआड तीच दोन चाके पुसणाऱ्याला काही गोष्टी न विचारता कळू लागतात. महिनाअखेरीस फौंड्रीत माल पाठवण्याची घाई असे, त्या दिवसांत चाके अधिक काळी. रविवारी सूनबाई गाडी नेत, तेव्हा सोमवारी फडक्याचे एकच अंग लागे. मुलगा घाईने चालवतो, अखेरच्या क्षणी ब्रेक दाबतो, हे आप्पांना त्याच्या शेजारी न बसताच समजले होते. पुढचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडावा, गिअर उतरवावा, ब्रेकला शेवटचे थोडेच काम ठेवावे, ही त्यांची स्वतःची चालवण्याची रीत. सांगावेसे वाटे. पण ज्याच्या हातात किल्ली नाही त्याने चालवण्याबद्दल काय सांगायचे, या विचाराने ते फडके पिळून वाळत घालीत.

पावसाळा संपला आणि दिवाळीच्या सुटीत रत्नागिरीला जाण्याचे ठरले. नातीला समुद्र पाहायचा होता. शनिवारी पहाटे निघायचे, मलकापूरवरून आंबा घाट उतरून साखरप्याला चहा, दुपारी समुद्र.

त्याच आठवड्यात आप्पांच्या फडक्याने हिशोब चुकवायला सुरुवात केली. उजव्या चाकाला नेहमीप्रमाणे दोन अंगे लागली, डाव्याला पाच. त्यांना वाटले, आपलीच घडी चुकली असेल. पुढच्या खेपेला त्यांनी दोन्ही चाकांना वेगवेगळी फडकी घेतली. पुन्हा तेच. शेवटी गुरुवारी रात्री मुलगा जेवून उठल्यावर आप्पांनी दोन्ही फडकी उलगडून, ग्राहकापुढे माल मांडावा तशी, टेबलावर शेजारीशेजारी पसरली.

मुलगा दिवसभराच्या कामाने थकला होता. ‘‘आप्पा, डावी बाजू रस्त्याच्या कडेला असते. तिकडं धूळ जास्त उडणारच.’’

‘‘रस्त्याची धूळ तांबूस असते. हे काळं आहे.’’

‘‘फडक्यावर सगळं काळंच दिसतं.’’

नातीने लोहचुंबक आणला. त्याने दोन्ही फडक्यांवर कागद फिरवला, आणि डाव्या फडक्यावरून उचललेली लव उजवीच्या दुपटीहून दाट होती. हे मुलाने पाहिले. तरीही म्हणाला, ‘‘बघू. परत आल्यावर सर्व्हिसिंगला टाकायचीच आहे.’’

यानंतर जे झाले त्याला भांडण म्हणता येणार नाही. आवाज कोणाचाच चढला नाही. आप्पा एवढेच म्हणाले, की आज तू आलास तेव्हा मी दोन्ही चाकांजवळ तळहाताची उलटी बाजू धरून पाहिली. उजवे कोमट होते. डाव्याजवळ हात ठेववत नव्हता. मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि मग नको ते बोलून गेला, ‘‘आप्पा, गाडीची काळजी मी घेतो. तुम्ही कशाला त्रास करून घेता?’’

वाक्य साधे होते, प्रेमाचेही होते. परंतु फाटकाचा खांब, रिकामी खुंटी, सारे त्या वाक्यात होते आणि घरातल्या प्रत्येकाला ते ऐकू आले. आप्पांनी फडक्यांच्या घड्या घातल्या. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘घाटात मुलीला घेऊन जायचंय. मिस्त्रींना एकदा दाखवून तर आणा. काही नसलं तर नसू दे.’’ त्या आजवर या विषयात कधी बोलल्या नव्हत्या.

शुक्रवारी मुलगा लवकर घरी आला आणि कपडेही न बदलता गाडी घेऊन निघाला. दाराशी थांबून म्हणाला, ‘‘आप्पा, चला.’’

मिस्त्रींनी जॅक लावून पुढची दोन्ही चाके उचलली आणि हाताने फिरवली. उजवे सहज दोनतीन फेरे फिरले. डावे अर्ध्या फेऱ्यात घासून थांबले. चाक उतरवून त्यांनी कॅलिपर उघडला. तो दोन पिनांवर आतबाहेर सरकतो, म्हणजे ब्रेक सोडल्यावर पॅड मोकळे होतात. पिनांना पाण्यापासून जपणारी रबराची टोपी एका ठिकाणी फाटली होती. पावसाळाभर पाणी आत गेले, ग्रीस वाळून गेले आणि पीन गंजून जागीच बसली. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला धरूनच राहत होता.

‘‘आप्पा, ह्यो बाहेरला पॅड बघा, निम्मा हाय अजून. आन् ह्यो आतला.’’ आतल्या पॅडवर खालच्या लोखंडी पट्टीपर्यंत नखाएवढीच जाडी उरली होती. ‘‘आंबा घाटात उतरताना लई तापलं असतं. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल नुसतं खाली जातंय.’’

मुलाने तो पॅड हातात घेतला. फौंड्रीतल्या माणसाला लोखंडाची झीज वाचता येते. तो बराच वेळ तो उलटसुलट करून पाहत राहिला. आप्पांनी त्याच्याकडे पाहण्याचे टाळले आणि मिस्त्रींना विचारले, की एकाच चाकाचे पॅड बदलायचे की दोन्ही. दोन्ही, मिस्त्री म्हणाले. एक नवा, एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. पॅड मिळाले, पण टोपीचा संच कोल्हापूरहून यायचा होता. शनिवारचे जाणे रविवारवर गेले. एक रात्र कमी मुक्काम, हॉटेलवाल्याने पैसे परत दिले नाहीत, आणि नातीने दिवसभर तोंड फुगवले.

रविवारी आंबा घाट मुलाने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरला. मागून आलेली वाहने भोंगे वाजवून पुढे गेली. आप्पा पुढच्या आसनावर होते. तेथे त्यांना कोणी बसवले हे निघण्याच्या गडबडीत कळलेच नाही. साखरप्याला चहासाठी उतरल्यावर मुलगा आधी गाडीला वळसा घालून गेला. उजव्या चाकाजवळ, मग डाव्या चाकाजवळ त्याने तळहाताची उलटी बाजू धरून पाहिली. मग हात धुऊन बाकावर येऊन बसला आणि चार चहा सांगितले.

घरी परतल्यावर आप्पा सकाळी फडके घेऊन खाली उतरले तेव्हा दोन्ही चाके पूर्वी कधी नव्हती इतकी काळी झाली होती. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत सुरुवातीला अधिक झडतात, हे मिस्त्रींनी सांगितले होते, तरी एवढे असेल असे वाटले नव्हते. उजव्याला सहा अंगे लागली. डाव्यालाही सहाच. आप्पांनी नातीला हाक मारून आणखी एक फडके मागवले.